एकवीस गिअरची सायकल बारा गिअरची कशी होते

माउंटन बाइकच्या सुट्या भागांसाठी दोन प्रकारची कामे करावी लागतात: देखभाल आणि बढती. देखभालीत आहे तोच भाग पुसायचा, त्याला तेल द्यायचे, आवळायचा आणि पुन्हा वापरायचा. बढतीत तो काढून त्याच्या जागी महागडा बसवायचा. पहिल्या कामाला फाटके बनियन आणि अर्धा तास पुरतो, दुसऱ्याला बोनस लागतो. तरीही अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात देखभाल पुढच्या रविवारवर ढकलली जाते आणि बढती शनिवारी रात्रीच मोबाइलवर उरकलेली असते. सायकल कुरकुरू लागली की बहुतेक वेळा साखळी कोरडी पडलेली असते. मालकाचा निष्कर्ष मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, हलक्या दर्जाचा आहे असा निघतो.

ही सायकल मुळात डोंगर उतरण्यासाठी जन्माला आली. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही हौशी मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्याने खाली सुटत. पायडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला ‘रिपॅक’ म्हणू लागले. हा खेळ सुरू झाला तोच दुरुस्तीच्या नावाने. पुढे 1981 मध्ये कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आली, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाला जागा मिळाली, आणि यथावकाश ही सायकल कांदिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वॉशिंग मशिनशेजारी येऊन उभी राहिली.

उपनगरांत डोंगर नाहीत असे नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे; पण तिथल्या पायवाटांवर परवानगीशिवाय शिरता येत नाही, सायकल चालते ती कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर. 1949 साली स्थापन झालेल्या आरे दूध वसाहतीतही मुख्य वाट डांबरीच. पवई तलावाकाठचा सायकल मार्ग 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तेव्हा चार इंच दबणारा पुढचा शॉकअॅब आणि दोन इंच रुंद टायर यांना खरे आव्हान मिळते ते फुटपाथवरच्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर, मेट्रोच्या खोदकामानंतर बुजवलेल्या चरांवर आणि सोसायटीच्या सभासदांनी वर्गणी काढून स्वतः घातलेल्या गतिरोधकांवर. या भूप्रदेशाचा निर्मात्यांनी विचार केला नसावा, तरी सायकल त्याला पुरून उरते.

पुरून उरत नाही ती हवेला. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनला वर्षभरात मिळून सहाशेच्या आसपास पडतो. 26 जुलै 2005 रोजी तर याच वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर नोंदला गेला, म्हणजे लंडनच्या वर्षाहून जास्त. भागांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ‘ओल्या हवेत सायकल चालवली असल्यास ती लगेच पुसून कोरड्या जागी ठेवावी’ असे एक निरागस वाक्य असते. जुलै महिन्यात मालाडला कोरडी जागा म्हणजे फक्त फ्रिजवरचा भाग, आणि तिथे लोणच्याच्या बरण्या असतात. त्यात गोराई, वर्सोवा आणि खाड्यांकडून येणारा खारा वारा. सायकल चालवली नाही तरी गंजते. उलट न चालवलेलीच जास्त गंजते.

सर्वांत आधी हा गंज धरतो साखळीला, आणि देखभालीचा बहुतेक भाग साखळीपाशीच संपतो. साखळी धुण्याची रीत सोपी आहे: जुना टूथब्रश, थोडे डिझेल किंवा बाजारातला डीग्रीजर आणि भरपूर चिंध्या. पूर्वी या कामाला रॉकेल वापरत. ते आता मिळणेच दुरापास्त झाले आहे. टूथब्रश जुना असावा, आणि तो जुना झाला आहे याबद्दल घरात एकमत असावे. धुतल्यावर साखळी पूर्ण वाळू द्यावी, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब टाकावा, पायडल उलटे फिरवून तेल आत जाऊ द्यावे आणि बाहेरचे सगळे पुसून काढावे. या शेवटच्या पायरीवर माणसाचा विश्वास बसत नाही. तेल घालायचे आणि मग पुसायचे, हे त्याला पैसे वाया घालवल्यासारखे वाटते. पण झीज आत, पिन आणि रोलरच्या मध्ये होते. बाहेर राहिलेले तेल फक्त आरेतली लाल माती गोळा करते. आठवडाभरात त्या मातीचा आणि तेलाचा जो लेप तयार होतो त्यात धातू घासून काढण्याची उत्तम ताकद असते.

तेल कोणते, यावर घरोघरी परंपरा आहेत. शिवणयंत्राचे तेल आत छान शिरते आणि पहिल्याच सरीत तितक्याच छान निघून जाते. इंजिन ऑइल टिकते, पण रस्त्यावरची सगळी धूळ आपली मानते. खोबरेल वापरणारेही आढळतात. ते केसांना लावावे. निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा, म्हणजे डब्ल्यूडी-40, 1953 मध्ये धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाला. तो मारला की गंजलेला नटही सुटतो आणि साखळीतले उरलेसुरले तेलही सुटते, म्हणून नंतर खरे तेल घालावे लागते. ते कोणी घालत नाही, कारण फवाऱ्याने आवाज बंद झालेला असतो. सायकलच्या दुकानातल्या खास तेलात ओल्या आणि कोरड्या हवेसाठी दोन वेगळ्या बाटल्या येतात. उपनगरी हवेला ओली बाटली चार महिने आणि कोरडी आठ महिने पुरावी. पण प्रत्यक्षात दोन्ही आणल्या जातात आणि हाताला येईल ती वापरली जाते.

साखळी ‘वाढते’ असे म्हणतात. लोखंड ताणले जात नाही. सांधे झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली सूक्ष्म ढिलाई मिळून लांबी वाढते. साखळीच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते, म्हणून 24 अंतरे बरोबर 12 इंच भरायला हवीत. ती 12 आणि एक-सोळांश इंच भरली की झीज अर्ध्या टक्क्यावर गेली, आणि साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. मुलांच्या दप्तरातली पट्टी या मोजणीसाठी घेतली जाते आणि इथेच घोटाळा होतो: ती 12 इंचांवर संपते आणि नेमका हवा तो एक-सोळांश तिच्या बाहेर पडतो. त्यामुळे साखळी नेहमी ‘ठीक’ ठरते. वेळेवर बदलली असती तर फक्त साखळीचा खर्च होता. तसे न झाल्यास मागच्या चकत्यांचे दाते तिच्या झिजलेल्या मापाला सरावतात, नवी साखळी त्यांच्यावरून घसरते, आणि मग साखळीबरोबर चकत्याही घ्याव्या लागतात. बढतीला लागणारे निमित्त इथे पहिल्यांदा मिळते.

ब्रेकच्या बाबतीत उलट नियम आहे: डिस्कला तेल कधीही लावू नये. हे वाक्य सोसायटीच्या सूचना फलकावर लावण्याच्या योग्यतेचे आहे, कारण पावसात ओली डिस्क किंचाळते, किंचाळणाऱ्या वस्तूला तेल द्यावे हे पिढीजात ज्ञान आहे, आणि इमारतीत मदतीला तत्पर माणसांची वाण नसते. वॉचमनने आपुलकीने घातलेल्या दोन थेंबांनी आवाज पूर्ण थांबतो. सायकल मात्र थांबत नाही. तेल प्यायलेली पॅड सहसा फेकूनच द्यावी लागतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की वाचते. करोनाकाळातल्या सॅनिटायझरच्या उरलेल्या बाटल्या यासाठी वापरू नयेत, त्यांतल्या बऱ्याच प्रकारांत हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन असते. दसऱ्याला पूजेच्या वेळीही हळदकुंकवाचे बोट हँडलला लावावे, डिस्कला नव्हे, आणि झेंडूच्या माळेचा दोरा मागच्या डिरेलरपासून हातभर दूर ठेवावा.

केबलच्या ब्रेकवरून तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकवर जाणे ही उपनगरातली सर्वांत शहाणपणाची बढती आहे; पावसातल्या जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर एका बोटाने सायकल थांबणे ही चैन नाही. मात्र त्यात शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते, तर स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट जातीचे द्रव्य. डॉट द्रव्य कोपऱ्यावरच्या स्कूटर पार्ट्सच्या दुकानात लगेच मिळते, मिनरल ऑइल मिळत नाही. म्हणून पहिल्यात दुसरे ओतले जाते, आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक नव्याने विकत घ्यावा लागतो. चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ दाबली तर दोन्ही पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना भेटतात आणि चाक परत बसत नाही. इमारतीतल्या प्रत्येक लहान मुलाला ही मूठ दाबायची असते.

टायरची हवा हा विषय तसा छोटा, पण व्हॉल्व्हमुळे लांबतो. साध्या काळ्या सायकलला रबरी वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह असतो, स्वस्त माउंटन बाइकला मोटारीसारखा, आणि महागडीला बारीक, लांब, डोक्यावर इवलासा नट असलेला प्रेस्टा. हा नट आधी सैल करावा लागतो. रस्त्याकडेचा पंक्चरवाला त्याच्याकडे थोडा वेळ पाहतो, मग ‘याला तोंडच नाही’ असा निर्णय देतो. पितळेचे एक बोटभर अॅडॅप्टर खिशात ठेवले की प्रश्न सुटतो, म्हणून ते नेहमी दुसऱ्या पँटच्या खिशात असते. हवा किती भरावी हे टायरच्या बाजूला छापलेले असते आणि खडबडीत वाटेवर त्यातली कमी बाजूची घ्यावी. कॉम्प्रेसरवाल्याचे मोजमाप वेगळे, अंगठा दाबून दबला नाही की झाले. ट्यूबलेस टायरात पंक्चर आपोआप बुजवणारा चीक भरतात. तो लॅटेक्सचा असतो, इथल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत वाळतो, आणि वाळल्याचे कळण्याची एकच पद्धत आहे: पंक्चर होणे.

चाकाचा आऊट काढण्याचे काम मात्र अजूनही जुन्या मिस्त्रीकडेच न्यावे. फ्रेमच्या चिमट्याशी अंगठा टेकवून, चाक फिरवत, रिम कुठे घासते हे नखाने ओळखून कुठला आरा पाव फेरा आवळायचा आणि कुठला सोडायचा हे तो ज्या वेगाने ठरवतो, तो वेग कुठल्याही महागड्या स्टँडला नाही. अडचण येते ती त्याच्या पान्यांच्या आणि नव्या भागांच्या भेटीत. मधल्या अक्षाचा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचा, साखळीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. डावे पायडलही उलट्या आट्यांचे. कप उघडायला खास दातेरी पाना लागतो. तो नसला की छिन्नी आणि हातोडी येते, आटे सरळ आहेत असे गृहीत धरून कप ‘सोडण्याचा’ प्रयत्न होतो आणि प्रत्येक घावाला तो अधिक घट्ट होत जातो. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट पाच न्यूटनमीटरच्या आसपास आवळावेत असे त्यावर कोरलेले असते. उपनगरात आवळण्याचे परिमाण ‘हाताला लागेल तेवढे, आणि वर अर्धा फेरा’ हे आहे. त्या अर्ध्या फेऱ्यात आटे जातात.

गिअर नीट पडत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिचे कारण सर्वांत कमी शोधले जाते. डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसल्यास फ्रेमऐवजी तो वाकावा. स्टिल्ट पार्किंगमध्ये एक स्कूटर कलंडते, ती दुसरीला ढकलते, शेवटची सायकलवर टेकते आणि हँगर दोन मिलिमीटर आत जातो. एवढ्याने तिसऱ्या गिअरवर टाकले की दुसरा लागतो. नवा हँगर घ्यायचा तर प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा. सर्वांना चालेल असा एकच हँगर असावा ही कल्पना स्रॅमने 2019 मध्ये बाजारात आणली, पण तोवर जगभरात शेकडो आकार रुळले होते. दोन मिलिमीटरचे हे दुखणे सरळ करायच्या एका पान्याने मिटते. मालक तोवर नवा डिरेलर मागवून मोकळा झालेला असतो, आणि तो नवा डिरेलरही त्याच वाकड्या हँगरवर बसतो.

बढतीची सुरुवात अशी होते. शिमानोच्या डोंगरी भागांची उतरंड सरकारी खात्याच्या पदांसारखी आहे: तळाला टुर्नी, मग आल्टस, असेरा, अलिव्हिओ, मग डिओर, एसएलएक्स, एक्सटी आणि सर्वांत वर एक्सटीआर. 2023 मध्ये कंपनीने क्यूज नावाची नवी मालिका काढून खालच्या पदांचे एकत्रीकरण आरंभले, तेव्हा नुकतेच असेरावरून अलिव्हिओवर चढलेल्यांना कुणी विचारात घेतले नाही. चालण्याच्या दृष्टीने डिओरपर्यंतचा प्रत्येक टप्पा जाणवतो; त्यापुढे मुख्यतः वजन कमी आणि बिल जास्त होते. पण डिओरवर थांबलेला मनुष्य सहसा सापडत नाही.

आता शीर्षकातील प्रश्न. स्वस्त माउंटन बाइकला पुढे तीन चकत्या आणि मागे सात, असे मिळून एकवीस गिअर असतात. नव्या पद्धतीत पुढे एकच चकती आणि मागे बारा. हा बदल करताना फक्त मागच्या चकत्या बदलाव्यात असा बेत असतो. पण जुन्या सात चकत्यांचा फ्रीव्हील हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. बारांच्या कॅसेटला फ्रीहब असलेला हब लागतो, आणि त्यातली सर्वांत लहान चकती दहा दात्यांची हवी असेल तर त्याहूनही वेगळ्या घडणीचा. हब बदलला की नव्या मापाचे आरे आले, आरे आले की चाक नव्याने विणणे आले, आणि चाक विणायचेच तर तीच जुनी रिम कशाला? बारा गिअरची साखळी अरुंद, म्हणून साखळी नवी. डिरेलर आणि हँडलवरचा शिफ्टर एका मापाचे हवेत, म्हणून दोन्ही नवे. पुढच्या एकट्या चकतीवरून साखळी उडू नये म्हणून तिचे दाते एक जाड, एक बारीक असे असतात. ती जुन्या क्रँकला बसत नाही, म्हणून क्रँक नवा, आणि क्रँकमागून बॉटम ब्रॅकेट, ज्याच्या उलट्या आट्यांची आणि हातोडीची भेट वर सांगितली आहे. सगळे जमल्यावर लक्षात येते की उत्तम दर्जाचा हब 148 मिलिमीटर रुंदीचा आहे आणि फ्रेममध्ये जागा 135 मिलिमीटर. इथे समजूतदार मालक कमी दर्जाचा हब घेतो. बाकीचे फ्रेम घेतात, आणि मग जुन्या सायकलचे म्हणून घंटी तेवढी उरते.

गणित मात्र या बदलाच्या बाजूचे आहे. पुढे 42, 34, 24 आणि मागे 14 ते 28 दाते अशा जुन्या रचनेत सर्वांत हलके गुणोत्तर साधारण 0.86 आणि सर्वांत जड 3 येते, म्हणजे साडेतीन पटींची व्याप्ती. एकवीसपैकी कित्येक गिअर एकमेकांची नक्कल असतात. पुढे 32 आणि मागे 10 ते 51 घेतले तर हलके 0.63 आणि जड 3.2, म्हणजे पाच पटींहून थोडे जास्त. कान्हेरीचा चढ हलक्या गिअरवर बसून चढता येतो आणि उतारावर पायडल रिकामे फिरत नाही. एवढे सगळे शेजारच्या काकांना जिन्यात सांगून झाल्यावर ते विचारतात, “म्हणजे पैसे देऊन नऊ गिअर कमी केलेस?” या प्रश्नाला तंत्रज्ञानाकडे अजून उत्तर नाही.

पुढच्या शॉकअॅबचे थोडक्यात. पहिला यशस्वी डोंगरी शॉकअॅब, रॉकशॉक्सचा आरएस-1, 1989 साली आला. स्वस्त सायकलवरचा स्प्रिंगचा शॉकअॅब अडीच किलोच्या घरात असतो आणि खड्ड्यात गेल्यावर माणसाला परत वर उडवतो. हवेवर चालणारा चांगला शॉकअॅब या दोन्ही बाबतीत बरा. पण त्याचे खालचे पाय साधारण 50 तासांच्या वापरानंतर उघडून आतले तेल बदलावे असे कंपनी सांगते. हे 50 तास कधी भरले हे मालकाला ठाऊक नसते. आतला स्पंज वाळतो, सील चरे पाडते, आणि दुकानदार नवे मॉडेल दाखवतो. प्रत्येक फेरीनंतर चकचकीत नळ्या मऊ फडक्याने पुसल्या तरी हा खर्च बराच पुढे ढकलता येतो.

वजन हा बढतीचा शेवटचा मुक्काम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सीटपोस्ट, हँडलबार, पायडल आणि टायटॅनियमचे बोल्ट तोलण्यासाठी बाहेर येतो, आणि घरातली पोह्यांची मापे काही दिवस अंदाजाने चालतात. अशा रीतीने ग्रॅमग्रॅम करून सायकल हलकी झाली की ती चोरीला जाण्यालायक होते. मग घाटकोपर स्टेशनाबाहेर बांधण्यासाठी जाड पोलादी साखळी आणि कुलूप घ्यावे लागते, ज्याचे वजन वाचवलेल्या सगळ्या ग्रॅमांहून अधिक भरते. एका खटक्यात निघणारी सीट तर मालकाला बरोबरच घेऊन फिरावी लागते. बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे आणि लग्नाच्या बोलणीलाही काखेत सीट घेतलेली माणसे उपनगरात दिसतात.

काढलेले जुने भाग टाकले जात नाहीत. ते ‘कधीतरी लागतील’ म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात माळ्यावर जातात. त्यांतला एखादा शिफ्टर पुतण्याच्या सायकलला बसतो, टायर एखाद्या मिस्त्रीला दिले जाते, बाकीचे दिवाळीच्या साफसफाईत खाली येतात. भंगारवाला आपले लोहचुंबक काढतो. साखळी, चकत्या, स्प्रिंगचा शॉकअॅब चिकटतात, ते लोखंडाच्या भावाने जातात. क्रँक आणि रिमा चिकटत नाहीत, त्या अॅल्युमिनियमच्या भावाने, थोडी घासाघीस करून. खोक्यात शेवटी कार्बनचा हँडलबार निघतो, ज्याला एका पडण्यात चीर गेलेली असते आणि जो ग्रॅमच्या हिशेबाने सर्वांत महाग पडलेला असतो. भंगारवाला त्याला चुंबक लावतो, हातात तोलतो, नखाने खरवडतो आणि “प्लॅस्टिक आहे,” म्हणून परत देतो.